अर्थविद्या आणि परभाषा : प्रस्तावना

महाराष्ट्रातून उच्च शिक्षणासाठी दिल्लीस येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती हे पुस्तक देताना, त्याचा विषय एका विद्येचा नसून दोन विद्यांच्या सहाध्ययनाचा आहे, हे प्रारंभीच नमूद केले पाहिजे. वित्तीय अर्थशास्त्राकडे वळणारा विद्यार्थी आपल्याकडे गणित आणि संख्याशास्त्र यांची जोड घेतो. फ्रेंच, जर्मन वा जपानी शिकणारा साहित्य, भाषांतर किंवा पर्यटन यांची वाट धरतो. आणि ज्याला दोन्हींची ओढ असते, त्याला घरची वडीलधारी मंडळी ‘एक काहीतरी धड कर’ असा सल्ला देतात. हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो आणि दोन दगडांवर पाय ठेवून पडलेली माणसे पाहिल्यामुळे सुचलेला असतो; सबब त्याला उत्तरही तितक्याच गांभीर्याने दिले पाहिजे, आणि पुढील प्रकरणे म्हणजे त्या उत्तराचाच विस्तार होय.

ते उत्तर थोडक्यात असे. वित्तीय अर्थशास्त्र हे मूलतः वचनांचे शास्त्र आहे. आज हातात असलेला रुपया उद्या मिळणाऱ्या रुपयाच्या आशेवर दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, त्या आशेला मुदत, व्याज, तारण आणि हमी यांचे रूप देणे, आणि ती आशा विफल होण्याच्या संभवाची किंमत ठरवणे, हा त्याचा सगळा कारभार. भागभांडवल काय, कर्जरोखे काय, विम्याचा करार काय किंवा वायद्याचा सौदा काय, प्रत्येकाच्या तळाशी कुणीतरी कुणालातरी दिलेला शब्द असतो. आणि हा शब्द कुठल्यातरी भाषेत, कुठल्यातरी कायद्याच्या छायेखाली, कुठल्यातरी समाजाच्या रीतिरिवाजांना गृहीत धरून दिलेला असतो. आकडा नंतर येतो. ज्याला केवळ आकडा वाचता येतो तो व्यवहाराचा निष्कर्ष वाचतो. ज्याला मूळ मजकूर वाचता येतो तो व्यवहारच वाचतो.

या विधानाचा सर्वांत सबळ पुरावा खुद्द या शास्त्राच्या इतिहासात सापडतो, आणि तो आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सलगपणे मांडला जातो. पाठ्यपुस्तकी इतिहास अमेरिकेत सुरू होतो: १९५२ मध्ये हॅरी मार्कोविट्झ यांनी गुंतवणुकीच्या विभागणीचा सिद्धान्त मांडला, १९७३ मध्ये फिशर ब्लॅक, मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांनी विकल्प-करारांच्या, म्हणजे ‘ऑप्शन’च्या, किमतीचे सूत्र दिले, आणि त्या दोन तारखांच्या आधारावर आधुनिक वित्तशास्त्राची इमारत उभी राहिली. हे खरेच आहे. परंतु त्या इमारतीच्या पायाचे चार मोठे दगड इंग्रजीत घडवलेले नव्हते.

पहिला दगड फ्रेंच भाषेतला. २९ मार्च १९०० रोजी लुई बाशेलिए या तरुणाने पॅरिसमध्ये सट्ट्याच्या सिद्धान्तावरील आपला प्रबंध सादर केला. सरकारी कर्जरोख्यांच्या भावांतील चढउतार यादृच्छिक गतीने होतात असे मानून त्याने त्यांचे गणित बांधले, आणि हे सारे आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या १९०५ मधील ब्राउनीय गतीवरील निबंधाच्या पाच वर्षे अगोदर केले. आंरी प्वँकारे यांच्यासारखा थोर गणितज्ञ त्याचा परीक्षक होता. कोल्मोगोरोव यांनी १९३१ मध्ये त्याचे ऋण मान्य केले. म्हणजे गणिताच्या जगात तो अगदीच अज्ञात नव्हता. परंतु अर्थशास्त्रज्ञांना त्याची वार्ता लागली ती १९५० च्या दशकाच्या मध्यास, जेव्हा संख्याशास्त्रज्ञ लेनर्ड सॅव्हेज यांनी आपल्या परिचितांना पत्रे पाठवून ‘हा बाशेलिए कुणाला ठाऊक आहे काय’ अशी विचारणा केली आणि पॉल सॅम्युएल्सन यांनी ग्रंथालयातून तो प्रबंध शोधून काढला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९६४ मध्ये छापले गेले. विद्येची अर्धशतकाहून अधिक वर्षे अशी वाया गेली.

दुसरा दगड जर्मन. त्रिएस्त येथील व्यापारी विद्यालयात व्यापारी गणित शिकवणारे व्हिन्सेन्झ ब्रोन्झिन यांनी १९०८ मध्ये विकल्प-करारांवर एक लहानसे पुस्तक जर्मनमध्ये प्रसिद्ध केले. त्यातील विवेचन १९७३ च्या सूत्राच्या आश्चर्यकारक रीतीने जवळ जाते. तरी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते विस्मृतीतच पडून होते. तिसरा इटालियन. ब्रूनो द फिनेत्ती यांनी १९४० मध्ये पुनर्विम्याच्या प्रश्नाचा विचार करताना सरासरी परतावा आणि त्यातील विचलन यांची सांगड घातली, म्हणजे मार्कोविट्झ यांच्या सिद्धान्ताचा गाभा बारा वर्षे आधी हस्तगत केला. आणि स्वतः मार्कोविट्झ यांनी २००६ मध्ये, नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर सोळा वर्षांनी, हे अग्रत्व मोकळ्या मनाने मान्य करणारा लेख लिहिला. चौथा जपानी. कियोशी इतो यांनी १९४२ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, यादृच्छिक प्रक्रियांच्या कलनशास्त्राची पहिली मांडणी जपानी भाषेतील एका नियतकालिकात केली. तिच्यावाचून मर्टन यांचे पुढचे काम कल्पिताही येत नाही.

या चारही प्रकरणांत उपेक्षेचे कारण केवळ भाषा हेच होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. युद्धे होती, शास्त्राशास्त्रांमधील भिंती होत्या, आणि बाजाराच्या सट्ट्याला अभ्यासाचा विषय मानण्याची नाखुषीही होती. परंतु या सर्व कारणांच्या मुळाशी एकच उणीव दिसते: बाजाराचा प्रश्न समजणारा आणि ती भाषा वाचणारा असा एकच वाचक त्या काळी त्या ग्रंथालयात गेला नाही. हे पुस्तक त्या वाचकासाठी लिहिले आहे.

कुणी म्हणेल की, हा गतेतिहास झाला. आता सारे जग इंग्रजीत व्यवहार करते. वस्तुस्थिती तशी नाही. जर्मनीच्या व्यापारी कायद्याचे, म्हणजे ‘हांडेल्सगेझेट्सबुख’चे, २४४ वे कलम एका ओळीचे आहे आणि ते प्रत्येक वार्षिक ताळेबंद जर्मन भाषेत आणि युरो चलनात तयार करण्याचे बंधन घालते. मोठ्या कंपन्या त्याचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध करतात. परंतु जर्मनीच्या उद्योगाचा कणा असलेल्या हजारो मध्यम आकाराच्या, बहुधा एकेका कुटुंबाच्या मालकीच्या, कारखान्यांचा जमाखर्च पाहावयाचा तर तो जर्मनमध्येच पाहावा लागतो. पुण्या-चाकणच्या परिसरात ज्या जर्मन कारखान्यांनी बस्तान बसवले आहे, त्यांच्याशी भागीदारी करू पाहणाऱ्या मराठी उद्योजकाला ही गोष्ट निराळी सांगावी लागू नये. जपानमध्येही शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांचा सविस्तर वार्षिक अहवाल मूळ जपानीतच सरकारदप्तरी दाखल होतो. आणि जपानच्या वित्तव्यवहाराला तर मोठी परंपरा आहे: ओसाका येथील दोजिमाच्या तांदूळबाजारातील वायदेव्यवहाराला शोगुनशाहीने १७३० मध्ये अधिकृत मान्यता दिली होती.

राजधानीच्या परिसरात याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. गुडगावच्या मारुती कारखान्यातून सुझुकी कंपनीच्या सहकार्याने बनलेली पहिली मोटार डिसेंबर १९८३ मध्ये बाहेर पडली, आणि तेव्हापासून गुडगाव, मानेसर आणि पुढे राजस्थानातील नीमराणा या पट्ट्यात जपानी भांडवल वाढत गेले. दिल्ली मेट्रोचा शाहदरा ते तीस हजारी हा पहिला मार्ग डिसेंबर २००२ मध्ये खुला झाला, आणि मेट्रोच्या पहिल्या टप्प्याच्या खर्चाचा निम्म्याहून मोठा हिस्सा जपानने दिलेल्या सवलतीच्या येन-कर्जातून आला. रोज विश्वविद्यालय स्थानकावर उतरणारा विद्यार्थी अशा रीतीने एका परकीय चलनातील दीर्घ मुदतीच्या करारनाम्यावरूनच प्रवास करीत असतो.

अशा कर्जाचे गणित एकदा जवळून पाहिले म्हणजे दोन्ही विद्यांचा संबंध ध्यानात येतो. समजा, १ येन म्हणजे ५० पैसे असा भाव असताना कुणी १ कोटी रुपयांइतके, म्हणजे २ कोटी येनचे, कर्ज एका वर्षाच्या मुदतीने शेकडा १ व्याजाने काढले, आणि त्याच वेळी देशी बाजारात शेकडा ७ व्याज पडत होते. वर्षअखेर २ कोटी २ लाख येन परत करावयाचे. येनचा भाव ५० पैशांवरच स्थिर राहिला, तर १ कोटी १ लाख रुपयांत कर्ज फिटते आणि देशी कर्जाच्या मानाने ६ लाखांची बचत होते. भाव ५३ पैशांच्या आसपास चढला की बचत संपते. तो ५५ पैसे झाला, तर १ कोटी ११ लाख १० हजार रुपये मोजावे लागतात, म्हणजे देशी कर्जाहून ४ लाख १० हजार अधिक. स्वस्त व्याज आणि महाग परतफेड या एकाच कागदाच्या दोन बाजू आहेत, आणि त्यांतील कोणती वर येईल हे येनच्या भावावर अवलंबून आहे.

तो भाव का चढतो वा उतरतो, याचे सूत्र अर्थशास्त्र देते; परंतु सूत्रात भरावयाची सामग्री टोकियोत तयार होते. जपानमध्ये दर वसंतात कामगार संघटना आणि मालक यांच्यात वेतनाची वाटाघाट होते, तिला ‘शुन्तो’ म्हणतात. आणि मार्च २०२४ मध्ये बँक ऑफ जपानने आठ वर्षे चालवलेले उणे व्याजदराचे धोरण मागे घेतले, तेव्हा त्या निर्णयामागे शुन्तोमधील वेतनवाढीचा मोठा आधार होता. ज्या विद्यार्थ्याला कामगार संघटनांची पत्रके आणि प्रांतिक वृत्तपत्रे जपानीत वाचता येतात, त्याला ही हालचाल निर्णय जाहीर होण्यापूर्वी दिसू लागते. आजची भाषांतरयंत्रे वाक्याचा अर्थ बऱ्यापैकी सांगतात आणि त्यांचा उपयोग अवश्य करावा. परंतु एखादे सावध वाक्य ही दप्तरी शिष्टाचाराची रीत आहे की खरोखरीची धोक्याची सूचना आहे, हा निवाडा ज्याने त्या भाषेत पुष्कळ वाचले आहे त्यालाच करता येतो, आणि वित्तव्यवहारात मोल असते ते या निवाड्यालाच.

मराठी माणसाला हा संयोग नवा नाही, आणि दिल्लीत तर मुळीच नाही. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ स्वराज्य, चौथ आणि सरदेशमुखी यांच्या सनदा घेऊन दिल्लीहून परतले; तेव्हापासून या नगरीशी मराठ्यांचा संबंध जितका फौजेचा, तितकाच वसुलीचा आणि दस्तऐवजांचा राहिला. पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराण्यातील पुरुषांनी येथे दीर्घकाळ वास्तव्य केले, आणि त्यांचा पत्रव्यवहार ‘हिंगणे दप्तर’ या नावाने पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केलेला आहे. १७५२ च्या करारान्वये, अब्दाली आणि इतर शत्रू यांच्यापासून रक्षण करण्याच्या मोबदल्यात बादशहाने मराठ्यांना ५० लाख रुपये द्यावयाचे ठरले. रक्कम मोठी, प्रांतांच्या उत्पन्नाचे आश्वासन मोठे, आणि बादशाही खजिना मात्र रिता! अशा वचनाची आजची किंमत काय धरावी, कुठल्या उमरावाचा शब्द टिकेल, आणि सरदारांच्या फौजेचा खर्च तोवर कुठल्या सावकाराच्या कर्जावर चालवावा, हे प्रश्न शुद्ध वित्तशास्त्राचे होत. आणि ज्या दरबारी कागदांतून त्यांची उत्तरे काढावयाची, त्यांची भाषा फारसी होती. वकिलाला हिशेब आणि फारसी या दोहोंची मसलत एकत्र बांधावी लागे.

नजीकच्या काळातील थोर उदाहरण चिंतामणराव देशमुखांचे. महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेल्या या पुरुषाने १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, केंब्रिजला जाऊन निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला, आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून सूत्रे हाती घेतली. १९४४ च्या जुलै महिन्यात ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी ब्रेटन वुड्स येथे जमले असता, युद्धकाळात ब्रिटनकडे साचलेल्या भारताच्या स्टर्लिंग येण्याचा प्रश्न मांडणाऱ्या शिष्टमंडळात ते होते. याच देशमुखांनी कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठीत उतरवले. पुढे ते केंद्रीय अर्थमंत्री झाले, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी त्या पदाचा त्याग केला, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद भूषविले आणि १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. संस्कृत ही त्यांना परभाषा नव्हती. तरी त्यांचे नाव येथे घेण्याचे कारण असे की, एका मनात ताळेबंद आणि काव्य सुखाने नांदू शकतात, इतकेच नव्हे तर शब्दाच्या नेमकेपणाची सवय एकीकडून दुसरीकडे जाते, हे त्यांच्या आयुष्याने दाखवून दिले आहे.

आता दिल्लीतील सोयीविषयी. दिल्ली विद्यापीठाच्या उत्तर परिसरात, व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९४९ मध्ये स्थापलेली दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि कला शाखेतील भाषाविभाग यांत पायी जाण्याइतकेच अंतर आहे. जर्मन व रोमान्स भाषांच्या विभागात फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश यांचे, आणि पूर्व आशियाई विभागात चिनी, जपानी, कोरियन यांचे अध्यापन चालते. म्हणजे वर सांगितलेल्या चारही दगडांच्या भाषा आणि त्या दगडांवर उभे राहिलेले शास्त्र, ही दोन्ही एका आवारात शिकता येतात! जवाहरलाल नेहरू विद्यापीठातही भाषासंकुल आणि अर्थशास्त्राचे केंद्र एकाच टेकडीवर आहेत. शहरात मॅक्स म्यूलर भवन कस्तुरबा गांधी मार्गावर, म्हणजे नव्या महाराष्ट्र सदनाच्याच रस्त्यावर, अलियाँस फ्राँसेझ लोधी इस्टेटमध्ये आणि जपान फाउंडेशन लाजपतनगरात आहे. पूर्वी अशा शिक्षणात नियमांची अडचण होती. भाषा बहुधा अर्धवेळ प्रमाणपत्राच्या रूपानेच घ्यावी लागे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये, वर्गांच्या वेळा एकमेकींवर येत नसतील तर, दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम एकाच वेळी पुरे करण्यास मुभा दिली, आणि कायद्याची आडकाठी तेवढ्यापुरती दूर झाली.

परवानगी मिळाली म्हणून विद्या मिळत नाही. युरोपीय भाषांच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या आणि जपानीच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्या ठरलेल्या आहेत. त्यांतील पहिल्या दोन चढून थांबणाऱ्याला बाजारात भाजी घेता येते, ताळेबंदाखालच्या टिपा वाचता येत नाहीत. म्हणून भाषा घ्यावयाची तर ती किमान बी-२ वा एन-२ पर्यंत नेण्याचा निश्चय करूनच घ्यावी. पहिल्या वर्षी भाषेला रोजचा ठरावीक वेळ द्यावा आणि अर्थशास्त्रात कलनशास्त्र व संख्याशास्त्र पक्के करावे. दुसऱ्या वर्षापासून त्या भाषेतील एका वृत्तपत्राचे अर्थविषयक पान नित्य वाचावे. तिसऱ्या वर्षी एका कंपनीचा एक मूळ अहवाल समग्र वाचून त्याचा गोषवारा मराठीत लिहावा. मराठीत लिहिण्याचा आग्रह भाषाभिमानापोटी धरलेला नाही. जे आपल्याला आपल्या भाषेत स्वच्छ सांगता येत नाही ते आपल्याला पुरते समजलेले नसते, ही कसोटी कुठल्याही परीक्षेहून कडक आहे.

आणखी एक विनंती. भाषेला अर्थशास्त्राची बटीक करू नये. केवळ नोकरीच्या पगारात भर पडावी म्हणून शिकलेली भाषा त्या पगारापुरतीच उरते. जर्मन शिकणाऱ्याने टोमास मान यांच्या ‘बुडेनब्रोक्स’ या १९०१ च्या कादंबरीत एका व्यापारी घराण्याचा उत्कर्ष आणि ऱ्हास पाहावा. फ्रेंच शिकणाऱ्याने झोला यांच्या ‘लार्जां’ या १८९१ च्या कादंबरीत पॅरिसच्या शेअरबाजाराचा उन्माद पाहावा. कर्ज माणसाच्या घरात शिरते तेव्हा काय होते, हे समीकरणे सांगत नाहीत. आणि ते ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती दुसऱ्यांचा पैसा सोपवणे समाजाच्या हिताचे नाही, असे मला मनापासून वाटते.

पुढील प्रकरणांची रचना याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात वित्तीय अर्थशास्त्राची मूलतत्त्वे, दुसऱ्यात फ्रेंच, जर्मन, इटालियन व जपानी या भाषांतील मूळ लेखनाचा परिचय, आणि तिसऱ्यात ताळेबंद, कर्जरोख्यांचे करारनामे व मध्यवर्ती बँकांची निवेदने मूळ भाषेत कशी वाचावीत याची सोदाहरण चर्चा आहे. लातूर, जळगाव वा सावंतवाडीहून येणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःला या कामी कमी लेखू नये. मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तीन भाषांत तो लहानपणापासून वावरत आला आहे, आणि चौथी भाषा आत्मसात करण्याची त्याची तयारी एकभाषी समाजातील विद्यार्थ्याहून निश्चित अधिक आहे. देशाचे भांडवल परदेशी जाते आणि परदेशाचे येथे येते, त्या देवघेवीचे करारनामे आपल्या बाजूने वाचणारी माणसे थोडी आहेत. त्यांची संख्या वाढवण्याचे सामर्थ्य आपल्या विद्यार्थ्यांत आहे, आणि या पुस्तकाने त्यांतील काहींना जरी त्या मार्गाला लावले, तरी त्याचे प्रयोजन सफल झाले असे मी समजेन.